दगडांचा प्रवास

भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्जीरिया आणि लिबिया या दोन विस्तीर्ण देशांच्या मध्ये, ट्युनिशिया नावाचा एक लहानसा देश आहे. आकाराने तो महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित मोठा. त्याच्या उत्तरेस गव्हाची शेते आणि हिरव्या टेकड्या, मध्यभागी ऑलिव्हच्या अफाट बागा आणि दक्षिणेस सहाराचे वाळवंट. आफ्रिका म्हटले की घनदाट अरण्ये आणि हिंस्र पशू एवढेच ज्यांच्या मनात येते, त्यांना या देशातील प्राचीन नगरे पाहून मोठे नवल वाटते. मूळच्या बर्बर लोकांच्या या भूमीवर फिनिशियन आले, रोमन आले, व्हँडल व बायझंटाइन आले. पुढे अरब आले, तुर्क आले आणि शेवटी फ्रेंच आले. १९५६ मध्ये हा देश स्वतंत्र झाला. येणाऱ्या प्रत्येकाने येथे काही पाडले आणि काही बांधले.

ट्युनिस ही या देशाची राजधानी. तेथून मोटारीने निघून कार्थेज, झघुआन, कैरवान, एल जेम आणि सूस ही गावे पाहून तीन दिवसांत परत येता येते. ही सारी फेरी सुमारे पाचशे किलोमीटरांची. रस्ते चांगले आहेत आणि दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडे रांगेने उभी आहेत. परंतु डोळे उघडे ठेवून हिंडणाऱ्या प्रवाशाच्या लवकरच एक गोष्ट ध्यानात येते. या वाटांनी केवळ माणसांनीच नव्हे, तर दगडांनीही प्रवास केला आहे!

पहिला मुक्काम कार्थेजचा. ट्युनिसपासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर, निळ्या समुद्राला लागून हे गाव आहे. त्याच्या स्थापनेची एक जुनी दंतकथा सांगतात. टायर नगरीची राजकन्या डिडो हिचा भाऊ अतिशय लोभी होता. त्याने धनाच्या आशेने तिच्या पतीचा घात केला, तेव्हा ती आपल्या विश्वासू सोबत्यांसह जहाजांत बसून निघाली आणि या किनाऱ्याला लागली. “एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मला द्या,” अशी विनंती तिने तेथील राजाला केली. राजाला हसू आले. एवढीशी जमीन घेऊन ही काय करणार, असे वाटून त्याने लगेच होकार दिला. मग डिडोने त्या कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांनी एक सबंध टेकडी वेढून घेतली! ती बिर्सा टेकडी आजही तेथे उभी आहे. परंपरेनुसार ही घटना इ. स. पू. ८१४ मधील. कथा खरी असो वा नसो, टायरहून आलेल्या फिनिशियन लोकांनी हे नगर वसविले, ही गोष्ट मात्र खरी आहे. कार्थेज या नावाचा त्यांच्या भाषेतील अर्थ ‘नवे नगर’ असा होता.

हे नवे नगर व्यापाराने संपन्न झाले. त्याला दोन बंदरे होती. एक व्यापारी गलबतांसाठी आणि दुसरे वर्तुळाकार, लढाऊ जहाजांसाठी. दुसऱ्या बंदरात दोनशे वीस जहाजे ठेवण्याची सोय होती, असे एका प्राचीन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पलीकडच्या तीरावर रोमची सत्ता वाढत होती. एकाच समुद्रावर दोन बलाढ्य राज्ये नांदेनात. इ. स. पू. २६४ पासून त्यांच्यात तीन मोठी युद्धे झाली. त्यांपैकी दुसऱ्या युद्धात कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने हत्तींसह बर्फाच्छादित आल्प्स पर्वत ओलांडला आणि रोमच्या मुलखात शिरून त्याने साऱ्या रोमला हादरवून सोडले. परंतु अखेर जय रोमचा झाला. तिसऱ्या युद्धात तीन वर्षे वेढा सोसल्यावर इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेज पडले. रोमन सैनिकांनी घरोघर आग लावली. वाचलेल्या लोकांना गुलाम म्हणून विकण्यात आले.

जळते नगर पाहत असता विजयी सेनापती स्किपिओ याच्या डोळ्यांत अश्रू आले, असे म्हणतात. एके दिवशी आपल्या रोमचीही हीच गत होईल, हा विचार त्या क्षणी त्याच्या मनात आला होता. रोमनांनी येथील जमिनीत मीठ पेरले अशीही एक गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. पण प्राचीन ग्रंथांत तिला आधार सापडत नाही. शत्रूच्या भूमीत मीठ पेरणे तर दूरच राहिले, सुमारे शंभर वर्षांनंतर रोमनांनी स्वतःच या जागी आपले नगर वसविले! पुढे ते रोमन साम्राज्यातील मोठ्या नगरांपैकी एक झाले. आणखी एक मौज अशी की, या दोन नगरांतील वैराची औपचारिक समाप्ती व्हायला १९८५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रोम आणि कार्थेज या दोन्ही शहरांच्या नगराध्यक्षांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या.

आज बिर्सा टेकडीवर उभे राहिले असता खाली दोन शांत तळी दिसतात. तीच ती जुनी बंदरे. समुद्राच्या काठी रोमन सम्राट अँटोनायनस याच्या काळातील प्रचंड स्नानगृहाचे अवशेष आहेत. पण एवढ्या मोठ्या नगराचे बाकीचे खांब, भिंती आणि फरशा गेल्या कोठे? इ. स. ६९८ मध्ये अरबांनी कार्थेज जिंकले आणि शेजारच्या ट्युनिसला महत्त्व आले. मग ओसाड पडलेले कार्थेज ही शेकडो वर्षे आयत्या दगडांची खाणच होऊन बसली. ते दगड कोठे गेले, हे पाहण्यासाठी पुढची वाट धरली पाहिजे.

ट्युनिसवरून दक्षिणेकडे निघाले की काही वेळाने रस्त्याच्या कडेला उंच कमानींची एक लांबच लांब रांग दिसू लागते. कोठे ती तुटली आहे, कोठे शेतात एखादीच कमान उरली आहे, तर कोठे ती अखंड चालली आहे. ही रोमन लोकांची जलवाहिनी. कार्थेजची वस्ती वाढली तेव्हा विहिरी आणि पावसाचे साठवलेले पाणी पुरेना. मग इ. स. च्या दुसऱ्या शतकात झघुआनच्या डोंगरातील झऱ्यांचे पाणी कार्थेजला नेण्याचे ठरले. वळणे घेत जाणाऱ्या या पाटाची एकूण लांबी सुमारे १३२ किलोमीटर भरते. हे पाणी यंत्रांनी चढवून नव्हे, तर केवळ उताराने वाहवत न्यायचे होते. म्हणून झऱ्यापासून नगरापर्यंत पाटाला सतत मंद उतार ठेवणे भाग होते. उंच जागी पाट जमिनीखालून नेला आणि सखल जागी तो कमानींच्या डोक्यावरून नेला. उतार जरासा चुकला असता तर पाणी वाटेतच थांबले असते. झघुआन येथे झऱ्याच्या उगमाजवळ रोमनांनी अर्धवर्तुळाकार मंदिर उभारले. त्याचे अवशेष डोंगराच्या पायथ्याशी आजही पाहावयास मिळतात. तेराव्या शतकात हफ्सी घराण्याच्या सुलतानाने या जुन्या पाटाची डागडुजी केली आणि तेच पाणी ट्युनिसकडे वळविले. रोमनांचा पाट असा हजार वर्षांनंतरही माणसांच्या उपयोगी पडला.

झघुआनपासून दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरांवर कैरवान लागते. डोंगर मागे पडतात, झाडे विरळ होतात आणि सपाट, कोरड्या माळावर एकदम एका नगराची तटबंदी दिसू लागते. इ. स. ६७० मध्ये अरब सेनापती उक्बा इब्न नाफी याने येथे तळ दिला. जवळ नदी नाही, समुद्र नाही, मग नगरासाठी हीच जागा का? बायझंटाइन आरमार अजून समुद्रावर बलाढ्य होते. त्याच्या माऱ्यापासून हे ठिकाण दूर होते. शिवाय वाळवंटाकडे जाणारे तांडे येथून जात. कैरवान हे नावच ‘कारवान’, म्हणजे तांडा, या फारसी शब्दावरून आलेले आहे.

कैरवानची मोठी मशीद दुरून एखाद्या किल्ल्यासारखी भासते. आजची वास्तू मुख्यतः इ. स. ८३६ मधील आहे. प्रार्थनेच्या दालनात मुसलमानांखेरीज इतरांना जाता येत नाही. परंतु उघड्या दारांतून आतले दृश्य पाहता येते. जणू दगडी खांबांचे एक अरण्यच! या दालनात चारशेहून अधिक खांब आहेत. जो हे खांब मोजील त्याची दृष्टी जाईल, अशी जुनी समजूत होती. जरा निरखून पाहिले म्हणजे लक्षात येते की, कोणताही खांब दुसऱ्यासारखा नाही. एक पांढऱ्या संगमरवराचा, दुसरा तांबूस दगडाचा. एकाच्या माथ्यावर पानांची नक्षी, तर दुसऱ्याचा माथा साधा. कारण उघड आहे. हे खांब येथे घडविलेलेच नव्हेत. ते कार्थेजहून, सूसहून आणि इतर रोमन नगरांच्या भग्नावशेषांतून आणलेले आहेत.

येथे कारागिरांपुढे एक मोठी अडचण उभी राहिली असली पाहिजे. निरनिराळ्या इमारतींतून आलेले खांब सारख्या उंचीचे कसे असणार? मग त्यांच्यावर सारख्या उंचीचे छप्पर कसे बसवायचे? कारागिरांनी खांब कापले नाहीत. जो खांब उंचीला कमी पडला, त्याच्या माथ्यावर लाकडाची किंवा दगडाची बैठक देऊन त्यांनी ती उणीव भरून काढली आणि मग त्यावर कमानी चढविल्या. मशिदीच्या मिनाराच्या तळाशी तर लॅटिन अक्षरे कोरलेले रोमन दगड आहेत. त्यांतील एक चक्क उलटा बसविलेला आहे! बसविणाऱ्याला ती लिपी वाचता येत नसावी. पण दगड मजबूत आहे, हे त्याला निश्चित कळत होते.

मशिदीचे अंगणही पाहण्यासारखे आहे. फरसबंदीला मध्यभागाकडे उतार दिलेला असून तेथे संगमरवरात एक नक्षीदार खळगा कोरला आहे. पावसाचे पाणी या खळग्यातील लहान लहान कप्प्यांतून जाते, धूळ मागे ठेवते आणि मग खालच्या टाक्यात उतरते. अंगणातील विहिरींच्या दगडी काठांवर दोरांनी खोल खाचा पाडल्या आहेत. किती हातांनी, किती वर्षे येथून पाणी शेंदले असेल, याची साक्ष त्या खाचा देतात. गावाच्या तटाबाहेर नवव्या शतकातील दोन गोल जलाशय आहेत. त्यांतील मोठ्याचा व्यास सुमारे १२८ मीटर आहे. पश्चिमेकडील टेकड्यांतून आणलेले पाणी आधी लहान जलाशयात येई. तेथे गाळ खाली बसे आणि नितळ पाणी मोठ्या जलाशयात जाई. अशा जलाशयाला अरबी भाषेत ‘हौद’ म्हणतात. आपल्या मराठीतील ‘हौद’ तोच. शब्दसुद्धा दगडांप्रमाणे दूरदूरचा प्रवास करतात!

कैरवानच्या गल्ल्यांत आजही स्त्रिया मागावर लोकरीचे गालिचे विणतात. रव्याच्या पिठात खजुराचे सारण भरून, तळून, पाकात बुडविलेली ‘मकरूद’ नावाची मिठाई येथे दुकानोदुकानी मिळते. ती चाखून प्रवासी आग्नेयेकडे एल जेमच्या वाटेला लागतो.

एल जेम हे एक साधेसे गाव आहे. तेथील घरे बुटकी आणि माळ सपाट. पण गाव दिसण्याच्या कितीतरी आधी क्षितिजावर एक अवाढव्य वास्तू दिसू लागते. हे रोमन काळातील क्रीडागार. इ. स. च्या तिसऱ्या शतकात, हे गाव थिस्ड्रस या नावाने ओळखले जाई तेव्हा, ते बांधले गेले. त्याची लांबी सुमारे १४८ मीटर आणि उंची सुमारे ३६ मीटर. सुमारे पस्तीस हजार प्रेक्षक तेथे बसू शकत. ऑलिव्हच्या तेलाच्या व्यापारात या भागातील लोक गबर झाले होते आणि त्या पैशाचे हे फळ.

इतकी भव्य वास्तू पाहून मन थक्क होते. परंतु रिंगणाखालच्या अंधाऱ्या भुयारांत उतरले की तेच मन खिन्नही होते. या कोठड्यांत वन्य पशू कोंडलेले असत आणि त्यांच्याशी झुंजण्यासाठी आणलेली माणसेही येथूनच वर येत. बंदिवानांचे आणि गुलामांचे मरण हा वर बसलेल्या हजारोंचा करमणुकीचा विषय होता. कमानी कितीही सुंदर असल्या, तरी त्या कशासाठी उभारल्या होत्या हे विसरून चालत नाही.

या क्रीडागाराची एक बाजू ढासळलेली दिसते. हे काळाचे काम नव्हे. बंडखोर या वास्तूचा किल्ल्यासारखा आश्रय घेत. म्हणून १६९५ मध्ये तेव्हाच्या राज्यकर्त्याने तोफा लावून तिला भगदाड पाडले. एकदा भगदाड पडल्यावर दगड नेणे सोपे झाले. एल जेममधील घरे या दगडांनी बांधली गेली आणि येथले काही दगड कैरवानच्या मोठ्या मशिदीपर्यंत पोहोचले.

परतीची वाट समुद्रकाठच्या सूस नगरावरून जाते. या नगराभोवती नवव्या शतकातील तट आहे आणि तटाच्या आत ‘रिबात’ नावाचा लहानसा किल्ला आहे. शत्रूच्या जहाजांवर पहारा ठेवणारे लोक येथे राहत आणि उरलेला वेळ प्रार्थनेत व अभ्यासात घालवीत. त्याच्या बुरुजावर चढले की एकीकडे अथांग समुद्र आणि दुसरीकडे पांढऱ्या घरांची दाटी नजरेत भरते. येथून ट्युनिस सुमारे दीडशे किलोमीटर. संध्याकाळपर्यंत प्रवासी राजधानीत परत येतो.

आता राहिले ट्युनिसचे जुने शहर. त्याच्या मधोमध झैतुना मशीद आहे. तिच्यातही कार्थेजचे खांब आहेत. मशिदीच्या भोवती बाजारपेठा. एका गल्लीत सुगंधी द्रव्ये विकणाऱ्यांची दुकाने आहेत. तिच्या ‘अत्तारीन’ या नावातला अत्तराचा सुवास मराठी माणसालाही ओळखीचा वाटतो. दुसऱ्या गल्लीत ‘शेशिया’ नावाच्या लाल लोकरी टोप्या बनवतात. सतराव्या शतकाच्या आरंभी स्पेनमधून हाकलून दिलेल्या मुसलमान कारागिरांनी या कलेला येथे भरभराटीस आणले.

याच ट्युनिसमध्ये १३३२ मध्ये इब्न खल्दून नावाच्या थोर इतिहासकाराचा जन्म झाला. त्याच्या लहानपणी एक दृश्य येथे वारंवार दिसे. ट्युनिसच्या लोकांना घरांसाठी चांगले दगड हवे असत आणि कारागिरांची नजर कार्थेजजवळच्या जुन्या रोमन कमानींवर जाई. मग लोक जमावाने तेथे जात आणि दिवसचे दिवस घाव घालीत. पण भिंतीचा लहानसा भाग पाडतानाही त्यांच्या नाकी नऊ येत. आपण लहान वयात हे अनेकदा पाहिले आहे, असे इब्न खल्दूनने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. सतरा वर्षांचा होईपर्यंत प्लेगच्या साथीत त्याचे आईवडील दगावले आणि भोवतालची वस्ती त्याच्या डोळ्यांदेखत रोडावली. पुढे त्याने अनेक राजदरबार पाहिले. राज्ये का उभी राहतात आणि का मोडतात, नगरे का भरतात आणि का ओस पडतात, या प्रश्नांचा विचार त्याने जन्मभर केला. वस्ती घटू लागली म्हणजे माणसे नवे घडविणे सोडतात आणि जुन्या इमारतींचे सामान काढून दुसऱ्या इमारतींना लावतात, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. त्याचा तो ग्रंथ आजही जगभर अभ्यासला जातो.

कैरवानच्या कारागिरांनी जुने खांब नेले, म्हणून ते खांब वाचले. ज्या दगडांच्या घरांच्या भिंती झाल्या किंवा जे फोडून टाकले गेले, त्यांच्याबरोबर मात्र त्यांच्यावरील लेख आणि नक्षी कायमची गेली. विसाव्या शतकात कार्थेजच्या भूमीवर नव्या घरांचे अतिक्रमण होऊ लागले, तेव्हा उरलेलेही नाहीसे होईल अशी भीती उत्पन्न झाली. १९७२ मध्ये युनेस्को या संस्थेने कार्थेज वाचविण्याचे आवाहन साऱ्या जगाला केले. अनेक देशांचे पुरातत्त्वज्ञ तेथे धावून आले. १९७९ मध्ये कार्थेज, ट्युनिसचे जुने शहर आणि एल जेमचे क्रीडागार यांची नावे जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाली. कैरवान आणि सूस यांची १९८८ मध्ये झाली.

जेथे एके काळी लोक पहारी घेऊन जमत, तेथे पुढे कुंचले घेतलेली माणसे जमली. गुडघे टेकून, एकेका दगडावरची माती हलक्या हाताने झाडून, त्यावर काय लिहिले आहे ते ती वाचू लागली. हजारो वर्षे प्रवास केलेल्या त्या दगडांना आता विसावा मिळाला आहे. तो टिकविणे मात्र माणसांच्या हाती आहे.

शब्दार्थ

वादी – कातड्याची अरुंद पट्टी. जलवाहिनी – पाणी वाहून नेणारा बांधीव पाट. डागडुजी – दुरुस्ती. भग्नावशेष – मोडक्या वास्तूचे उरलेले भाग. तांडा – मिळून प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा समुदाय. शेंदणे – दोराने विहिरीतून पाणी वर काढणे. गबर – अतिशय श्रीमंत. रोडावणे – कमी होत जाणे. पहार – खणण्याचा किंवा फोडण्याचा जाड लोखंडी दांडा.

स्वाध्याय

१. डिडोने राजाकडून जमीन कोणत्या युक्तीने मिळविली?
२. विजय मिळूनही स्किपिओच्या डोळ्यांत अश्रू का आले असावेत?
३. झघुआनचे पाणी यंत्रांवाचून कार्थेजला कसे पोहोचत असे?
४. कैरवानच्या कारागिरांपुढे कोणती अडचण होती? ती त्यांनी कशी दूर केली?
५. एल जेमचे क्रीडागार पाहून मन थक्क आणि खिन्न का होते?
६. ‘शब्दसुद्धा दगडांप्रमाणे दूरदूरचा प्रवास करतात.’ हे पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
७. जुन्या वास्तूचे दगड नव्या वास्तूला वापरणे योग्य की अयोग्य? पाठाच्या आधारे दोन्ही बाजू मांडा आणि आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.
८. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : नाकी नऊ येणे, थक्क होणे, डोळ्यांदेखत, साक्ष देणे.
९. आपल्या गावातील एखादी जुनी वास्तू पाहा. ती कोणी, केव्हा व कशासाठी बांधली याची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून वर्गात सांगा.